भोंगा वाजवा रे कुणीतरी!

गेल्या शनिवारी कसालला घरी होतो. दोन तासांचं काम, पाच तास लागले. दर दहा मिनिटांनी मोबाईल! शेवटी आई करवादली, "आधी तो मोबाईल ठेव मरे थंय!"

मनावर ताबा हवा, असं आपण सगळेच म्हणतो. साफ चूक! मी स्वतः नोटिफिकेशनचा कोड लिहिलाय. तुम्हाला परत कसं खेचायचं याचा हिशोब करणारी अख्खी टीम एकीकडे, तुमचं एकटं मन दुसरीकडे. कोण जिंकणार?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली हे ओळखलं. संध्याकाळी ७ ला भोंगा, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. सगळ्या गावाचे! खरी गंमत भोंग्यात नाही, 'सगळ्या'त आहे. शेजाऱ्याचाही बंद असला, की आपलं काही हुकत नाही.

आणि आपली ऑफिसं? पाच मिनिटांत रिप्लाय नाही दिला तर "कुठे आहेस?" वर टाईम मॅनेजमेंटचं ट्रेनिंगही तीच माणसं ठेवतात!

तेव्हा नवीन ॲप शोधू नका. सोमवारी टीमला सांगा: १० ते १२ चॅट बंद, मॅनेजरसकट सगळ्यांचं. सर्व्हर पडलाच तर फोन आहे की!