पोराचं डोकं म्हणजे रिकामी कणगी नव्हे

मृग लागला की आपल्या भागात दोन कामं एकदमच अंगावर येतात, पेरणी आणि शाळा. नळदुर्गच्या बाजारात एकीकडे बियाण्याच्या दुकानापुढे गर्दी, तर दुसरीकडे वह्या-दप्तराच्या दुकानापुढे. बियाण्याची पिशवी घेताना आपला शेतकरी चार ठिकाणी चौकशी करतो. वाण कोणता, उगवण किती, मागच्या साली शेजाऱ्याकडे कसं आलं? शाळेच्या बाबतीत मात्र त्याचा एकच प्रश्न असतो, वही भरली का? वही भरली म्हणजे डोकं भरलं, असा आपला सरळ हिशेब. वाचकहो, हा हिशेब चुकतो कुठे ते आज पाहू.

शिक्षण खात्यात गेली वीसेक वर्षं एक जड शब्द फिरतो आहे, ज्ञानरचनावाद. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने त्याला मोठे स्थान दिले. शब्दाला घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की, ज्ञान हे वरून ओतता येत नाही. शिकणारा आपल्या डोक्यात आधीच असलेल्या समजुतीला नवी गोष्ट जोडून पाहतो, जुळली तर ठेवतो, नाही जुळली तर एक तर ती टाकून देतो, नाही तर जुनी समजूत मोडून नवी बांधतो. ही बांधणी ज्याची त्यालाच करावी लागते. मास्तर विटा देईल, ओळंबा धरील, पण भिंत पोरानंच रचायची.

जाँ पियाजे (१८९६–१९८०) या स्वित्झर्लंडच्या अभ्यासकाने हे फार बारकाईने पाहिले. पोरं बरोबर उत्तर किती देतात हे मोजण्यापेक्षा ती चूक उत्तर का देतात, याकडे त्याने लक्ष दिले. हा प्रयोग घरी करून बघा. चार-पाच वर्षांच्या लेकरासमोर दोन सारख्या ग्लासांत सारखं दूध ओता. मग एका ग्लासातलं दूध त्याच्या डोळ्यांदेखत उंच, निमुळत्या ग्लासात ओता आणि विचारा, जास्त कुठं? बहुतेक लेकरं उंच ग्लासाकडे बोट दाखवतील. लेकरू बावळट नसतं. उंच म्हणजे जास्त, ही त्याची त्या वयातली बांधणी असते. तुम्ही दहा वेळा ‘सारखंच आहे’ सांगितलं तर ते मान डोलावील, पण मनातून मानणार नाही. उलटसुलट ओतून त्याचं त्यालाच पटावं लागतं.

आता मोठ्यांचं बघू. झाडाचं एवढं लाकूड, एवढा पाला येतो कुठून, असं विचारलं तर दहातले आठ जण सांगतील, मातीतून. ही समजूत आजची नाही. बेल्जममधल्या व्हान हेल्मोंट नावाच्या विद्वानाने २०० पौंड वाळवलेल्या मातीत विलो जातीचे रोप लावले व पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड १६० पौंडांहून जास्त वाढले आणि माती कमी झाली जेमतेम दोन औंस! हा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापला गेला. गंमत पुढे आहे. माती झाडात गेली नाही हे कळल्यावर त्याने निष्कर्ष काढला की, झाड सगळे पाण्यापासून झाले. हवेतला कर्बवायू त्याच्या हिशेबातच नव्हता. म्हणजे प्रयोग चोख असला तरी माणूस आपल्या जुन्या समजुतीच्या चौकटीतूनच त्याचा अर्थ लावतो. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर सहावीच्या पोराने फळ्यावरचं ‘प्रकाशसंश्लेषण’ वहीत उतरवून घेतलं म्हणून त्याची समजूत बदलली, असं कसं धरायचं?

शेतीच्या विस्तारकार्यात तर हे रोजचंच आहे. सोयाबीन महिन्याभराचं झालं की कुणीतरी उपटलेलं रोप घेऊन येतो. “सायेब, मुळाला गाठी आल्यात, कोणतं औषध मारू?” आता त्याला ‘या रायझोबियमच्या गाठी असून त्या नत्र स्थिर करतात’ असं पुस्तकी वाक्य ऐकवलं तर तो ऐकून घेतो आणि दुकानात जाऊन औषध घेतोच. त्यापेक्षा गाठ नखाने फोडायला सांगावी. आतून गुलाबी-लालसर निघाली तर ती कामाची गाठ, तिच्यात हवेतलं नत्र पकडण्याचं काम चालू आहे. सूत्रकृमीची गाठ मुळाचाच भाग फुगून होते, ती हाताने सुटत नाही; ही मात्र अलगद सुटते. एकदा स्वतःच्या नखाने पाहिलं की तो माणूस दुसऱ्यालाही सांगतो. युरियाची एक पिशवी वाचते ती वेगळीच.

शेतीशाळेची सगळी मांडणी याच पायावर उभी आहे. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुडे माजले, त्याला बेसुमार फवारणीच कारण आहे हे लक्षात आल्यावर १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली व १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू केल्या. तिथे भाषण नव्हते. आठवड्याला शेतात उतरायचे, किडी व मित्रकीटक मोजायचे, चित्र काढायचे, आपसात वाद घालायचा आणि फवारायचे की नाही ते गटाने ठरवायचे. आपल्याकडेही कृषी विभागाने ही पद्धत घेतली. जिथे ती खरोखर शेतात भरते तिथे ढालकिडा आणि चक्री भुंगा यांतला फरक निरक्षर बाईसुद्धा सांगते. जिथे ती समाजमंदिरात हजेरीपट आणि फोटोपुरती भरते, तिथे काय होते ते वाचकांना वेगळे सांगायला नको.

शाळांचंही तसंच आहे. महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ नंतर बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी लेकरांसाठी पानं, बिया, खडे, शिंपले हेच साहित्य करून शाळा चालवली. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली; त्या कुरणशाळा. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. तिथे पोरं वेल्डिंग, बांधकाम, शेती करता करता गणित-विज्ञान शिकतात. अलीकडे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांचे नाव झाले. गावोगावचे शिक्षक त्या बघायला गेले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि हा शब्द वाडीवस्तीवर पोचला.

पोचला खरा, पण अनेक ठिकाणी तो फरशीवरच्या ऑइल पेंटमध्ये अडकला. वर्गाच्या फरशीवर रंगीत चौकटी, भिंतीवर झाड, झाडावर अंक, की झाली शाळा ज्ञानरचनावादी! लोकवर्गणीतून रंग आणला, पाहुणे येऊन गेले आणि त्याच चौकटींवर बसून पोरं पुन्हा प्रश्नोत्तरं उतरवू लागली. रंगाला आमचा विरोध नाही. पण ठिबकचा संच बसवून पाणी मात्र मोकाट सोडायचं, त्यातलाच हा प्रकार.

उलट बाजूचा एक आक्षेपही रास्त आहे. पोरांनी स्वतः शिकायचं म्हणजे मास्तरांनी खुर्चीत बसायचं का? नाही. नवख्याला नुसतं सोडून दिलं तर तो चाचपडतो आणि दमतो. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या अभ्यासकांनी २००६ मध्ये हेच ठासून मांडले. पाढेही पाठ हवेतच, त्यात आमचं मत जुन्या वळणाचं आहे. व्हिगोत्स्की या रशियन अभ्यासकाचं म्हणणं असं की, जे पोराला एकट्याला जमत नाही पण जाणत्याच्या मदतीने जमतं, तिथंच शिकणं घडतं. आपण नव्या गोऱ्ह्याला जुन्या बैलाशेजारीच जुंपतो ना? एकट्याच्या मानेवर जू देत नाही आणि नुसता बांधूनही ठेवत नाही.

नळदुर्गच्या लेकरांना तर फार लांब जायला नको. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात १६१३ मध्ये बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल बांधला गेला. बाहेरगावच्या सहली येतात, पोरं वहीत सन लिहितात, भेळ खातात आणि जातात. त्याऐवजी पावसाळ्यात नर-मादी धबधबे वाहू लागले की पोरांना नुसते प्रश्न द्यावेत. पाणी दोनच ठिकाणांहून का पडतं? डोक्यावरून पूर जात असताना आतली खोली कोरडी कशी राहते? बंधारा तळाला जाड आणि वर कमी जाड का करतात? गाळ कुठं साठतो? चार पोरं चार उत्तरं देतील, तीन चुकतील. चुकू द्यावीत, नंतर पत्र्याच्या डब्याला वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोकं पाडून पाणी भरावं, म्हणजे कुठली धार लांब जाते ते दिसेल आणि भांडण आपोआप मिटेल.

हे मास्तरांच्याच गळ्यात टाकून भागणार नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि कृतीतून, शोधातून शिकवावे असे त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये लिहिले आहे. समितीच्या बैठकीत आपण खिचडी, गणवेश आणि शौचालय यांवर बोलतो, बोललंच पाहिजे. पण या महिन्यात मास्तरांना एवढं विचारा की, गेल्या आठवड्यात पोरांनी वर्गात कोणते प्रश्न विचारले? एकशिक्षकी किंवा दोनशिक्षकी शाळेवर चार वर्ग आणि वर कागदांचा ढीग असतो, हे ध्यानात ठेवूनच विचारा.

आणि घरचं बियाणं पेरायचं राहिलं असेल तर एक काम पोरांकडे सोपवा. गोणपाट भिजवून त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत सोयाबीनचे १०० दाणे मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. ७० आले तर एकरी ३० किलो बियाणं पुरेसं. ६० च आले तर किती, ते पोरालाच काढू द्या. पुस्तकातलं व्यस्त त्रैराशिक ज्याला सुटत नाही, त्यालाही इथे ३५ चं उत्तर सापडतं. तोवर सरळ तोंडाचा पत्र्याचा डबा अंगणात ठेवून पट्टीने पाऊस मोजायला लावा. ७५ ते १०० मिलिमीटर भरल्याशिवाय तिफण बाहेर काढू नका.