बेस कॅम्पची वर्गणी

साहेबाच्या देशात कुठल्याही हापिसात वर्षभर नोकरी करा, एक इ-मेल तुम्हाला आल्याशिवाय राहत नाही. विषयाच्या जागी 'एव्हरेस्ट बेस कॅम्प' आणि खाली मजकूर असा, की अमुक एका संस्थेच्या मदतीसाठी मी येत्या ऑक्टोबरात ५,३६४ मीटर उंचीवर चालत जाणार आहे, तरी यथाशक्ती हातभार लावावा. सोबत देणगीच्या पानाचा दुवा. पुढच्या शुक्रवारी हाच प्राणी घरी भाजलेले केक घेऊन येतो आणि चहाच्या खोलीत डबा ठेवून विकतो. आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागायला चार पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहतात ना, अगदी तसंच. फक्त इथे मागणारा एकटा असतो आणि गणपतीच्या जागी डोंगर.

आता यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. मीही दर वेळी पाच-दहा पौंड देतोच. एरवी शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी हवामानापलीकडे न बोलणारा इंग्रज त्या निमित्ताने आईच्या आजारपणाबद्दल दोन शब्द बोलतो, हे काही कमी नाही. इथल्या डोंगरांत हरवलेल्यांना शोधून आणणारी माउंटन रेस्क्यूची पथकं सगळी स्वयंसेवकांची, फुकट काम करणारी. तीसुद्धा अशाच देणग्यांवर चालतात. तेव्हा वर्गणीला माझा विरोध नाही. ती वर्गणी डोंगराच्या एका ठराविक ठिकाणाशी बांधायला आहे. आणि हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे ही चाल थोडं रूप बदलून आपल्याकडेही आलेली मला दिसते आहे.

पुण्या-नाशकाचे मित्र हल्ली 'तू तिकडे डोंगर हिंडतोस, जरा आमचा प्लॅन बघ' म्हणून एक्सेलच्या फायली पाठवतात. फाईल मोठी देखणी असते. बुटांचं एक पान, जॅकेटांचं एक पान, स्लीपिंग बॅग भाड्याने घ्यावी की विकत यावर रंगीत रकाने. सगळ्यांच्या नावांचे टी-शर्ट, झेंडा, निरोपसमारंभ, व्हॉट्सॅपवर 'मिशन बेस कॅम्प' नावाचा ग्रुप. आणि दिवसांचा रकाना? तो एका ओळीत. 'एकूण नऊ दिवस, कारण रजा तेवढीच.'

तर मंडळी, थोडं गणित करू या. टी-हाऊस ट्रेक म्हणजे तंबू-रॉकेल काही न नेता, रोज संध्याकाळी वाटेवरच्या लॉजमध्ये उतरायचं. मधोमध पेटलेली शेगडी, ताटात डाळभात, प्लायवुडच्या भिंतीपलीकडे कुणाचं तरी घोरणं. चालणं म्हणाल तर अवघड नाही. राजगडाची चोरवाट चढलेल्या माणसाला नामचेची चढण काय घाबरवणार? रस्ता रुंद आहे, दिवसाला पाच-सहा तास चालायचं. अडचण पायांची नाहीच, हवेची आहे. बेस कॅम्पला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास उतरतो. शरीर त्याची सवय करून घेतं, पण स्वतःच्या वेगाने. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, असा साधारण नियम आहे.

हा नियम वाटेवर लावून बघा. लुक्ला २,८६० मीटर. तिथून उतरून फाकडिंग २,६१०, मग नामचे बझार ३,४४०. म्हणजे एका दिवसात आठशे मीटरांहून जास्त चढ, म्हणून नामचेला एक दिवस थांबायचं. पुढे तेंगबोचे ३,८६०, दिंगबोचे ४,४१०. तिथे पुन्हा एक मुक्काम जास्तीचा. मग लोबुचे ४,९४०, गोरक्षेप सुमारे ५,१६० आणि तिथून बेस कॅम्पला जाऊन परत. आठवडाभर चढणं आणि तीन-चार दिवस उतरणं धरलं की काठमांडू ते काठमांडू बारा दिवस होतात. नऊ दिवसांच्या प्लॅनमध्ये हे बसवायचं तर उतरणं आणखी किती कमी करणार? कात्री लागते ती थांबायच्या दिवसांना. कारण कागदावर ते 'वाया' दिसतात. यंत्राच्या भाषेत सांगायचं तर ही माणसं सेफ्टी फॅक्टरच काढून टाकतात, कारण त्याने दिसण्यासारखं कुठलंच काम केलेलं नसतं.

वेल्समध्ये पेन-इ-ग्रिड नावाचं एक जुनं हॉटेल आहे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतली मंडळी सरावासाठी तिथे उतरायची, आणि त्यांच्या सह्या अजून तिथल्या छतावर आहेत. आजूबाजूचे डोंगर केवढे, तर सगळ्यात उंच असलेला इर विड्वा, म्हणजे स्नोडन, १,०८५ मीटर. अख्ख्या ब्रिटनमधलं सर्वोच्च शिखर बेन नेव्हिस १,३४५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६! (हे मी इथल्या मित्रांना संधी मिळेल तेव्हा ऐकवतो.) म्हणजे उंचीची सवय घरी करून जाणं त्यांनाही शक्य नव्हतं आणि आपल्यालाही नाही. त्यांची सवय झाली ती चालण्यात. लुक्लाची धावपट्टी तेव्हा नव्हती, ती १९६४ मधली. १९५३ ची तुकडी काठमांडूच्या खोऱ्यातून तेंगबोचेला चालत गेली, त्यातच दोन आठवड्यांहून जास्त गेले. आणि तिथे पोचल्यावर या कसलेल्या गिर्यारोहकांनी आसपासच्या डोंगरांवर आणखी तीन आठवडे सरावात घालवले. आपण अर्ध्या तासाच्या विमानात बसून ते दोन आठवडे वाचवतो आणि वर म्हणतो, दिंगबोचेला एक दिवस कशाला थांबायचं?

आता वर्गणीकडे वळतो.

मार्च २००९ मध्ये कॉमिक रिलीफसाठी गॅरी बारलो, शेरिल कोल वगैरे नऊ प्रसिद्ध मंडळी किलिमांजारोवर गेली. टीव्हीवर साऱ्या देशाने पाहिलं, पैसे धो धो जमले. अशा ट्रेकांची दुकानदारी त्याआधीही होतीच. पद्धत दोन तऱ्हेची असते. एकात ट्रेकचा खर्च तुम्ही खिशातून करता आणि जमवलेले सगळे पैसे संस्थेला जातात. दुसरीत किमान एवढे पौंड जमवायचे असं ठरलेलं असतं आणि तुमच्या ट्रेकचा खर्च त्यातूनच निघतो. समजा तीन हजार जमले आणि निम्मे ट्रेकला गेले, तर माझ्या दहा पौंडांतल्या पाचांनी कुणाच्या औषधाला मदत केली आणि पाचांनी तुमच्या लुक्लाच्या तिकिटाला. ही दुसरी तऱ्हा मला मुळीच पटत नाही. पण पैशाचं एक वेळ राहू द्या. माझी खरी तक्रार वेगळी आहे. दोन्ही तऱ्हांत माणूस घरातून निघण्याआधीच शंभर लोकांसमोर सांगून बसतो की मी तिथे पोचणार.

आमच्याच हापिसातला एक जण असा गेला. धावपटू, निर्व्यसनी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. लोबुचेला रात्री डोकं फुटायची वेळ आली, दोनदा उलटी झाली. सोबतच्यांना त्याने काही सांगितलं नाही. गाईडला सकाळी सांगितलं ते 'झोप नीट लागली नाही' एवढंच. परत आल्यावर मला म्हणाला, "डोळ्यांसमोर ते देणगीचं पान येत होतं. उद्या दुपारपर्यंत फक्त, एवढंच मनात होतं." नशिबाने गाईड जुना होता. नाश्त्याच्या वेळी याला सरळ रेषेत चालून दाखव म्हणाला, आणि पाय तिरके पडलेले बघून तिथूनच माणूस सोबत देऊन खाली फेरिचेला धाडला. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं १९७३ पासूनचं मदतकेंद्र आहे. हंगामात देशोदेशीचे डॉक्टर स्वखुशीने येऊन राहतात, रोज दुपारी विरळ हवेच्या आजारावर बोलतात. (ते व्याख्यान चुकवू नका, तुमच्या प्लॅनमध्ये वाट दिंगबोचेवरून असली तरी.) खाली उतरल्यावर काही तासांत त्याला बरं वाटू लागलं. हापिसात कुणी एक चकार शब्द बोललं नाही, पैसे कुणी परत मागितले नाहीत. म्हणजे ज्या लोकांच्या धाकाने तो रात्रभर गप्प बसला, त्यांना काडीचाही फरक पडत नव्हता!

डॉ. डेव्हिड श्लिम यांनी काठमांडूच्या दवाखान्यात बरीच वर्षं काढली. नेपाळात ट्रेकर कशाने मरतात याच्या नोंदी त्यांनी केल्या, त्यात एक गोष्ट चमकली. उंचीच्या आजाराने गेलेल्यांत एकट्यादुकट्याने हिंडणाऱ्यांपेक्षा आखीव कार्यक्रमाच्या ग्रुपमधल्यांचं प्रमाण जास्त होतं. वरवर उलटं वाटतं. ग्रुपमध्ये गाईड असतो, औषधं असतात. पण एकट्याला दुखलं तर तो लॉजवाल्याला सांगून एक रात्र जास्त राहतो. ग्रुपमधल्याने डोकं दुखतंय म्हटलं की बाकी अकरा जणांचं वेळापत्रक कोलमडतं. मग तो बोलत नाही. आपल्याकडच्या टी-शर्टवाल्या ग्रुपमध्ये तर झेंडासुद्धा त्याच्याच पाठीवरच्या बॅगेत असायचा.

आणि न बोलणारा आणखी एक जण त्या वाटेवर असतो, तो म्हणजे पोर्टर. बहुतेकांना वाटतं, हे सगळे शेर्पा, त्यांना काय होतंय. तसं नाही. ओझं वाहणारे पुष्कळसे जण खालच्या डोंगरातले, राई, तामांग, मगर. त्यांचं गाव तुमच्या महाबळेश्वरापेक्षा फार उंच असेल असं नाही. उंची त्यांना तुमच्या-माझ्यासारखीच बाधते. फरक इतकाच की त्याच्या पाठीवर दोघांच्या मिळून तीस किलोच्या बॅगा असतात आणि आजारी पडला तर मजुरी बुडते. १९९७ मध्ये असाच एक तरुण पोर्टर आजारी पडला, तेव्हा हिशेब करून त्याला एकट्याला खाली पाठवून दिलं, आणि तो मेला. त्यावरून इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप उभा राहिला. पुढे टुरिझम कन्सर्न या लंडनच्या संस्थेनेही पोर्टरांच्या हक्कांची मोहीम चालवली. ती संस्था २०१८ मध्ये बंद पडली. तरी इथल्या ट्रेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात पोर्टरचं ओझं, कपडे, विमा यावर चार ओळी असतात त्या या लोकांच्या कटकटीमुळे. नऊ दिवसांचा प्लॅन तुम्ही स्वतःपुरता करत नाही. तो त्याच्याही फुप्फुसांवर लादता. एजंटाला पहिला फोन कराल तेव्हा भावाच्या आधी हे विचारा, की पोर्टरचा विमा आहे का आणि तो आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली कोण जाणार. उत्तराला किती वेळ लागतो त्यावरून एजंट कळतो.

बाकी तयारीचं थोडक्यात. लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटरची, तीही चढावर. ढग आले की विमानं बंद. गर्दीच्या हंगामात विमानं काठमांडूऐवजी मंथलीहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तास गाडीत. तेव्हा परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा, ते काठमांडूत पशुपतिनाथाच्या नावाने सत्कारणी लागतील. साध्या प्रवास-विम्यात ठराविक उंचीच्या वरचं बहुधा धरत नाहीत, तेव्हा बारीक अक्षरं वाचा. हेलिकॉप्टर धरलंय का तेही बघा, पण किरकोळ खोकल्यावर कुणी हेलिकॉप्टरचा आग्रह धरला तर सावध व्हा. खोट्या सुटकांच्या बिलांची चौकशी नेपाळ सरकारला २०१८ मध्ये करावी लागली होती. तुम्हाला व्हिसा लागत नाही, विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. आमच्यासारख्या ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना मात्र रांगेत उभं राहून डॉलर मोजावे लागतात. ओसीआय कार्ड तिथे कुणी विचारत नाही. असो.

आणि एक गंमत, जी त्या एक्सेलच्या फायलीत कुणीच लिहीत नाही. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसतच नाही! ते दिसतं काला पत्थरवरून, आणि ते शिखर नामचेच्या वर, तेंगबोचेच्या मठाजवळूनही हवा स्वच्छ असेल तर दिसतं. ऑक्टोबरात बेस कॅम्पला तर तंबूही फारसे नसतात, दगड, बर्फ आणि फोटोची रांग. गिर्यारोहकांना ती जागा लागते कारण तिथून त्यांचं काम सुरू होतं. २०१२ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमीची तुकडी एव्हरेस्टला गेली, तिच्यासाठी बेस कॅम्प ही पायरी होती. आपल्यासारख्या हौशी माणसाने त्याच पायरीसाठी लोबुचेला रात्रभर ओकत, कण्हत, कुणालाही न सांगता पडून राहावं, हे मला काही केल्या समजत नाही.

नाशिकच्या मित्राला हे सगळं फोनवर ऐकवलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "टी-शर्ट छापून आलेत रे." गेल्या आठवड्यात त्याची नवी फाईल आली. सोळा दिवस. दोघं गळले, रजा मिळाली नाही म्हणून. दिंगबोचेच्या ओळीसमोर लिहिलंय, 'इथे प्रत्येकाला एकेकटं विचारणे.' पोर्टरच्या विम्याचा रकाना आहे, तो अजून रिकामा आहे. एजंटाकडून उत्तर यायचंय.