मोबाइल वर्गाबाहेर, म्हणून मराठी वर्गात?



गेल्या सभेत आपल्या रविवारच्या मराठी वर्गाचा विषय निघाला. वर्गात मोबाइलचा उपयोग करावा, अशी सूचना मी मांडली आणि ती दोन मिनिटांत बारगळली. ‘वर्गात मोबाइल म्हणजे नुसते चाळे,’ असे एक ज्येष्ठ म्हणाले. टाळ्या पडल्या, विषय संपला. ज्येष्ठांचा पूर्ण आदर ठेवून विचारतो, संपला तो विषय की आपली मराठी?

कुकटपल्लीतल्या आपल्या घरांतली मुले इंग्रजी शाळेत जातात. २०१८ च्या कायद्याने तेलंगणाच्या शाळांत तेलुगू सक्तीची झाली. ते योग्यच आहे. ज्या मातीत आपल्या पिढ्या वाढल्या तिची भाषा यायलाच हवी. हिंदीमुळे देवनागरी अक्षरेही ओळखीची आहेत. पण माझी मुलगी आजीचे जुने पत्र वाचताना ‘डोळे’चे ‘डोले’ करते. आठवड्याचा एक तास आणि झेरॉक्स केलेली बाराखडी, एवढ्यावर भाषा तगणार आहे का?

मी बँकेतला माणूस. केपीएचबीतल्या भाजीवालीच्या गाड्यावर पैसे घेण्यासाठी जो काळापांढरा चौकोन चिकटवलेला असतो, तसलाच क्यूआर कोड बालभारतीच्या पुस्तकांतही छापलेला आहे. त्यावर मोबाइल धरला की धड्याला जोडलेले साहित्य उघडते. पुस्तकेही बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी या कामासाठी पुढे आले. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. खेड्यातल्या शाळेला जे जमले ते हायटेक सिटीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला जमू नये?

विरोधकांची भीती खोटी नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ साली संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. शाळेतल्या स्मार्टफोनबाबत युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालानेही सावध केले. दोन्ही मला मान्य. पण रात्री अकरापर्यंत रील बघायला मोबाइल देणारे आपण, आणि शिक्षकांच्या डोळ्यांदेखत त्यावर धडा ऐकायला बंदी घालणारेही आपणच! २०२० च्या टाळेबंदीत शाळांनीच मुलांच्या हाती मोबाइल दिला, तेव्हा कोणाला चाळे आठवले नाहीत.

माझे म्हणणे साधे आहे. चार मुलांत एक मोबाइल, तोही शिक्षकांच्या ताब्यातला. धडा आधीच उतरवून ठेवावा, इंटरनेट बंद. वीस मिनिटे ऐकणे, मग मोबाइल टेबलावर आणि वही-पेन्सिल हातात. महिन्यातून एकदा मुलांनी घरच्या आजी-आजोबांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणावे आणि वर्गात ते लिहून काढावे. उर्दू-तेलुगूच्या संगतीत मुरलेली आपली हैदराबादी मराठी कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. ती बोलणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

निजामाच्या उर्दू राजवटीत आपल्या वाडवडिलांनी १९०७ साली विवेक वर्धिनी उभी केली. त्यांनी गैरसोयीची सबब सांगितली नाही. आपण मात्र वार्षिक सभेत ‘मराठी टिकली पाहिजे’ असा ठराव करतो, चहा घेतो आणि घरी जाऊन मुलांशी इंग्रजीत बोलतो.

कार्यकारिणीला विनंती, नव्हे आग्रह आहे. पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा घ्या आणि तीन महिने करून बघा. नाही जमले तर मी स्वतः बंदीच्या बाजूने हात वर करीन.

मुले मोबाइल सोडणार नाहीत. मराठी मात्र सोडतील. सोडतच आहेत.