खाशाबा की इशी? भाकीत करण्याआधी विचारायचे प्रश्न

धागा.

१/
मागच्या आठवड्यात खाशाबा जाधवांवर चार ओळी लिहिल्या. त्यावर साताऱ्याच्याच एका अकरावीतल्या मुलाने विचारले, “ताई, हेलसिंकीतली इशीबरोबरची कुस्ती आज पुन्हा लावली, तर कोण जिंकेल?” खाली तासाभरात पन्नासेक उत्तरे जमली. बहुतेकांनी ‘खाशाबा’ म्हटले आणि काहींनी तर किती मिनिटांत, तेही सांगितले. प्रश्न बालिश आहे असे मला मुळीच वाटत नाही. पण उत्तर देण्याची आपली रीत मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. आजचा धागा त्यासाठी. शेवटी माझे भाकीतही देईन, पळवाट काढणार नाही.

२/
आधी एक कबुली. कुस्तीचे भाकीत करायला मी आबांकडून शिकले. आमच्या गावच्या यात्रेत मैदान भरायचे, हलगी घुमायची. मुलींना फडाजवळ जाऊ देत नसत, म्हणून आबा मला शेजारच्या ट्रॉलीवर उभी करत. जोड हातात हात घालून फिरू लागली की लोक दंड आणि छाती पाहत. आबा म्हणत, “पाय बघ. आणि दहा मिनिटांनी श्वास बघ.” एकदा एका नामांकित तालमीतल्या धिप्पाड पैलवानासमोर गावचाच एक सडपातळ मुलगा उभा राहिला. आबांनी सांगितले, “पाच मिनिटांत आटोपेल.” ती कुस्ती अंधार पडेपर्यंत चालली आणि पंचांनी बरोबरीत सोडवली. त्या रात्री आमच्या गावात आमचा मुलगा जिंकल्याची चर्चा होती. पाहुण्यांच्या गावात काय चर्चा झाली असेल, हे मला इतिहास शिकू लागल्यावर सुचले.

३/
आता खाशाबांकडे वळू. जन्म १५ जानेवारी १९२६, गोळेश्वर, कराडजवळ. मातीत वाढलेला, उंचीने बेताचा, अंगाने चपळ मल्ल. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. मातीच्या मल्लासाठी गादी हीच मोठी अडचण होती. मातीत पाय रुततो, पकडीला वेळ मिळतो आणि दोन्ही खांदे टेकले की निकाल लागतो. गादीवर पाय सरकतो, पंच निर्णय देतात आणि घड्याळ चालू असते. म्हणजे लंडनमध्ये खाशाबांची पहिली झुंज प्रतिस्पर्ध्याशी नव्हती, पायाखालच्या जमिनीशी होती.

४/
आणि इशी? शोहाची इशी यांचा जन्मही १९२६चाच. ते मूळचे ज्यूदोचे खेळाडू. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्तांच्या ताब्यात गेला, शाळांमधून ज्यूदो बंद झाला आणि अनेक ज्यूदोपटू कुस्तीकडे वळले. इशी त्यांतले एक. १९५२मध्ये हेलसिंकीत जपानला मिळालेले एकमेव सुवर्णपदक त्यांचे आहे. म्हणजे एकीकडे कऱ्हाडच्या मातीतला ढाक मारणारा मल्ल, दुसरीकडे ज्यूदोच्या फेकी अंगात मुरलेला मल्ल. दोघेही वेगळ्या विद्येतून येऊन तिसऱ्याच नियमांच्या खेळात उतरलेले. याहून विसंगत आणि याहून तुल्यबळ जोड शोधून सापडणार नाही.

५/
पण त्या गादीपर्यंत पोहोचण्याआधी खाशाबांना आणखी कुस्त्या खेळाव्या लागल्या, आणि त्या पंचांसमोर झालेल्या नव्हत्या. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला गेला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. त्यांना चाचणीत उतरण्याची संधी मिळाली आणि तिथे त्यांनी प्रतिस्पर्ध्याला लोळवले. मग प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. भाकीत करणारे आपण हा आकडा ताकदीच्या हिशेबात कधी धरतो का?

६/
हेलसिंकीत ५७ किलोच्या बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले. स्पर्धा ‘हरला तो बाहेर’ अशी सरळ नव्हती. पराभवाला दंडगुण मिळत आणि चीतपट न करता मिळवलेल्या विजयालाही मिळत. शेवटी इशी, सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह आणि खाशाबा असे तिघे उरले. प्रचलित वृत्तांतानुसार इशीबरोबरची लांबलेली, दमवणारी लढत खाशाबा हरले आणि लगेच त्यांना मम्मदबेयोव्हसमोर उभे केले गेले. दोन लढतींत अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. तो बजावून सांगायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६पर्यंत थांबावे लागले.

७/
इथे थांबून मागे पाहू. तुम्ही खाशाबांच्या बाजूने किंवा विरुद्ध मत दिलेत, तेव्हा काय मोजलेत? बहुतेकांनी दोन देह मोजले, आणि काहींनी अभिमान मोजला. पण निकालात गादी, गुणपद्धत, विश्रांतीचा नियम, गैरहजर अधिकारी आणि गहाण पडलेले घर हे सगळेच सामील होते. माझे मत स्पष्ट आहे. ‘कोण जिंकेल’ हा प्रश्न अपुरा आहे. कुठे, कोणत्या नियमांनी, किती वेळ आणि कोणाच्या पैशाने, हे सांगितल्याशिवाय दिलेले उत्तर भाकीत ठरत नाही. ती फक्त आवड ठरते.

८/
“पण श्रेष्ठ मल्ल कुठेही श्रेष्ठच,” असे कुणी म्हणेल. गामा पैलवानांचे उदाहरण घ्या. १० सप्टेंबर १९१०, लंडन. समोर पोलंडचा वजनदार स्टॅनिस्लॉस झिबिस्को. अडीच तासांहून अधिक काळ लढत चालली. झिबिस्को बराचसा वेळ पालथा पडून बचाव करत राहिला आणि कुस्ती अनिर्णित राहिली. आठवड्याने पुन्हा लढायचे ठरले, तर झिबिस्को आलाच नाही. मग १९२८, पतियाळा. तेच दोन मल्ल, दोघेही पन्नाशीच्या आसपास. गामांनी मिनिटभराच्या आत निकाल लावला. माणसे तीच, पण एकदा अडीच तास आणि एकदा एक मिनिट. मधली अठरा वर्षे, बदललेले मैदान आणि बदललेला देश वजा करून यातला ‘खरा’ निकाल कोणता, हे सांगता येईल का?

९/
उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी माझ्याच सोयीचे पुरावे निवडते आहे असे होईल. परिस्थितीच सगळे ठरवते, असेही नाही. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सांगली जिल्ह्याचे दोन मल्ल होते. कवठेपिरानचे मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले. पुनवतचे गणपतराव आंदळकर यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड करता येत नाही. एकेरी पट, टांग, सगळे बाद. मातीच्या पैलवानाचे निम्मे हत्यार काढून घेतल्यावर त्याला सुवर्ण मिळेल, असे भाकीत त्या काळी कोणी केले असते? विद्या मुरलेली असली की ती नव्या नियमांतही वाट काढते. म्हणून परिस्थितीच्या जोडीला आणखी एक गोष्ट मोजायची: शिकण्याची तयारी.

१०/
आता अगदी अलीकडचा कोडे-प्रकार. महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता किताबासाठी भिडतात, आणि ती अंतिम लढत होते गादीवर. जानेवारी २०२३मध्ये माती विभागात महेंद्र गायकवाड यांनी सिकंदर शेख यांना हरवले. त्या गुणांवरून झालेला वाद तुम्हाला आठवत असेल. अंतिम लढतीत गादीच्या शिवराज राक्षे यांनी महेंद्र यांना चीत केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिकंदर यांनी त्याच शिवराज यांना अवघ्या काही सेकंदांत आस्मान दाखवले. मांडणी करून पाहा: महेंद्र सिकंदरपेक्षा वरचढ, शिवराज महेंद्रपेक्षा, आणि सिकंदर शिवराजपेक्षा. गणितात असे चालत नाही. कुस्तीत चालते, कारण तिथे ताकद एका रेषेत मोजली जात नाही. एकाचा डाव दुसऱ्याच्या सवयीवर बसतो, तिसऱ्याच्या सवयीवर बसत नाही.

११/
साताऱ्याच्या मैदानावर एप्रिल २०२२मध्ये पृथ्वीराज पाटील महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा अंतिम गुणफलक ५-४ होता. एक गुण. त्यानंतर ‘पृथ्वीराज जिंकणारच होते’ असे सांगणारे मला किमान दहा जण भेटले. लढतीआधी त्यांतला एकही ठामपणे बोलत नव्हता. निकाल कळला की कारणे आपोआप रांगेत उभी राहतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला लागणारी ही सर्वांत जुनी खोड आहे: जे घडले, ते घडणे अटळ होते असे मानणे.

१२/
आपल्याच जिल्ह्यातला प्रतापगड पाहा. १० नोव्हेंबर १६५९. शेवट पाठ असल्यामुळे आपण ती भेट निर्धास्तपणे वाचतो. पण त्या सकाळी शेवट कुणालाच ठाऊक नव्हता. महाराज राज्याची निरवानिरव करून निघाले, असे बखर सांगते. ज्याला आपला विजय अटळ वाटतो, तो निरवानिरव करत नाही. आणि ज्याने जावळीचे रान निवडले, खानाला डोंगरात उतरवले, झाडीत फौजा दडवून ठेवल्या, त्याने ‘कोण जिंकेल’ याआधी ‘कुठे’ आणि ‘कोणत्या अटींवर’ हे प्रश्न सोडवले होते. देहांची तुलना करणाऱ्याने त्या दिवशी चुकीचे भाकीत केले असते. पराक्रम अटळ नव्हता, म्हणूनच तो पराक्रम आहे. त्याला विधिलिखित ठरवून आपण त्याचे मोल वाढवत नाही, घटवतो.

१३/
शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: कोणत्या जोडी लागूच दिल्या नाहीत? महाराष्ट्र केसरी १९६१पासून चालू आहे. महिलांची पहिली स्पर्धा भरली मार्च २०२३मध्ये, सांगलीत. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी वैष्णवी पाटील यांना हरवून पहिला किताब मिळवला. मधल्या साठ वर्षांत कोण जिंकले असते, याचे भाकीत करता येत नाही, कारण नावेच नोंदवलेली नाहीत. ती बातमी मी आबांना वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुला ट्रॉलीवरून उतरवायला पाहिजे होतं.”

१४/
तर माझे भाकीत. इशीसमोर कुस्ती पुन्हा लावली, त्याच नियमांनी, त्याच गादीवर, तर मी इशींना थोडे वरचढ धरीन. ते त्या स्पर्धेत कुणाकडूनही सुवर्ण हिरावू न देणारे मल्ल होते, आणि खाशाबांवर प्रेम असल्यामुळे हे नाकारणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. गादीऐवजी माती असेल आणि निकाली कुस्ती असेल, तर मी खाशाबांच्या बाजूने. पण खरी पुन्हा लावायला हवी ती दुसरीच कुस्ती: मम्मदबेयोव्हसमोरची, अर्ध्या तासाची विश्रांती देऊन. ती बरोबरीची जोड होती, आणि तिचा रंग रौप्य असू शकला असता. तिथे खाशाबांची ताकद कमी पडली म्हणण्याआधी, त्यांच्या बाजूने नियम सांगणारा माणूस कमी पडला, हे लिहायला हवे.

१५/
त्या अकरावीतल्या मित्राला एवढेच सांगते: भाकीत जरूर कर, पण आधी कागदावर लिहून ठेव आणि कारणे लिही. निकाल लागल्यावर तोच कागद उघड. चुकलेले भाकीत खोडू नकोस. इतिहास शिकण्याची ती चांगली सुरुवात आहे. आबांनी त्या सडपातळ मुलाबद्दलचे त्यांचे ‘पाच मिनिटांत’ कधीच नाकारले नाही. दर यात्रेत ते स्वतःच सांगत, “मी चुकलो होतो. मी त्याचे पाय बघितलेच नव्हते.”

(धागा समाप्त. तुमच्या गावच्या मैदानातली चुकलेली भाकिते खाली लिहा. बरोबर आलेली सगळेच सांगतात.)