विमानाच्या चाकातील उष्णता : पातळ कवचावर विसंबलेली सुरक्षा

नवी दिल्ली : २६ जुलै २०२५ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर विमानतळावरून मायामीला निघालेल्या बोईंग ७३७ मॅक्स ८ विमानाने धावपट्टीवर वेग घेत असतानाच उड्डाण रद्द केले. विमान थांबले तेव्हा त्याच्या डाव्या लँडिंग गिअरमधून धूर आणि ज्वाळा निघत होत्या. १७३ प्रवासी आणि सहा कर्मचारी आपत्कालीन घसरगुंड्यांवरून खाली उतरले. त्याच्या सहा आठवडे आधी, १५ जून रोजी, जेद्दाहून हज यात्रेकरूंना घेऊन लखनौला उतरलेल्या विमानाच्या डाव्या चाकातून ठिणग्या आणि धूर येताना दिसला होता. दोन्ही ठिकाणी जीवितहानी झाली नाही, आणि म्हणूनच दोन्ही बातम्या लवकर मागे पडल्या.

डेन्व्हरला टायरमधील बिघाड असल्याचे विमान कंपनीने सांगितले, तर लखनौला हायड्रॉलिक तेलाची गळती झाल्याचे प्राथमिक तपासात आढळले. कारणे वेगळी असली तरी दोन्ही घटनांतून एकच प्रश्न पुढे येतो. विमान थांबवताना निर्माण होणारी उष्णता जाते कुठे, आणि ती टायरपर्यंत किंवा तेलापर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये काय उभे असते?

उष्णता किती, हे साध्या गणिताने समजते. ६५ टन वजनाचे विमान ताशी २४० किलोमीटर वेगाने जमिनीला टेकते, तेव्हा त्याच्यातील गतिज ऊर्जा सुमारे १४४ मेगाज्यूल, म्हणजे ४० युनिट विजेइतकी असते. तिचा काही भाग पंखांवरील स्पॉयलर आणि इंजिनाचा उलटा झोत शोषून घेतात, उरलेला ब्रेकच्या वाट्याला येतो. पूर्ण भरलेल्या ७८ टनी विमानाने ताशी २७० किलोमीटर वेगावर उड्डाण रद्द केले, तर हा आकडा ६० युनिटांवर जातो. एअरबस ए३२० सारख्या विमानात ब्रेक असलेली चाके केवळ चार. अर्ध्या मिनिटाहून कमी वेळात एवढी ऊर्जा त्या चार चाकांच्या पोकळीत उष्णतेच्या रूपाने साठते.

या पोकळीत चकत्यांची एक चळत असते. एकाआड एक चकती चाकाबरोबर फिरते आणि उरलेल्या अक्षाला जखडलेल्या असतात. हायड्रॉलिक दट्टे ही चळत आवळतात आणि घर्षणाने विमान थांबते. आधुनिक विमानांत या चकत्या कार्बनच्या असतात. नेहमीच्या उतरण्यात त्या काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापतात आणि रद्द उड्डाणात हजार अंशांपलीकडे जातात. कार्बनला त्याचे फारसे काही वाटत नाही. अडचण त्याच्या शेजाऱ्यांची आहे. चाक घडीव अॅल्युमिनियमचे असते आणि दीडशे-दोनशे अंशांच्या पुढे या धातूची ताकद कायमची घटू लागते. त्याच्यावर रबराचा टायर, आणि टायरमध्ये दर चौरस इंचाला सुमारे २०० पौंड दाब, म्हणजे मोटारीच्या टायरच्या सहापट. तापलेल्या चकत्या आणि हे चाक यांच्यात अंतर असते ते बोटाच्या जाडीच्या आसपास. या फटीत पोलादाच्या पातळ पत्र्याचे उष्णताकवच बसवलेले असते.

प्रवाशाला ते कधी दिसत नाही. टायर बदलणाऱ्या तंत्रज्ञालाही ते चाक उतरवल्याशिवाय नीट दिसत नाही. त्याची रचना मात्र वाटते तितकी सोपी नाही. तापलेल्या चकत्यांची उष्णता मुख्यतः प्रारणाने बाहेर पडते, म्हणून कवचाचा पत्रा चकचकीत ठेवतात आणि अनेकदा दोन पत्र्यांमध्ये हवेची पोकळी किंवा रोधक थर देतात. परंतु फिरत्या चकत्यांना पकडून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या चाकालाच जोडलेल्या असतात आणि त्या जोडांतून उष्णता कवचाला वळसा घालून थेट अॅल्युमिनियममध्ये उतरते. कवच अखंड नळीसारखे केले तर फटी राहत नाहीत, पण एका जागी पोचा आला की सगळे कवच काढावे लागते. तुकड्यांचे केले तर खराब झालेला तेवढाच तुकडा बदलता येतो, मात्र प्रत्येक सांध्यातून उष्णता निसटते आणि कंपनांमुळे जोडाच्या जागी तडे जाण्याची ठिकाणे वाढतात. गुडरिच आणि हनीवेल यांसारख्या कंपन्यांनी एवढ्याशा भागावर एकामागून एक पेटंट का घेतली, याचे उत्तर या तडजोडींत आहे.

सर्वांत मोठी तडजोड मात्र निराळीच आहे. कवच उष्णता नष्ट करत नाही. ते तिला टायरकडे जाण्यापासून अडवते, म्हणजेच ब्रेकच्या पोकळीत कोंडून ठेवते. कवच जितके चांगले, तितकी चळत थंड व्हायला उशीर, आणि तितका जास्त ताप दट्ट्यांच्या रबरी सीलना, हायड्रॉलिक तेलाला आणि अक्षाच्या ग्रीसला. ते वेळ मिळवून देते, एवढेच त्याचे काम. आणि नागरी विमानवाहतुकीत सध्या ज्या गोष्टीची सर्वाधिक काटकसर चालली आहे, ती हीच.

वैमानिकासमोरचा तापमानाचा आकडाही उशिरा खरा बोलतो. विमान थांबल्यावर उष्णता चकत्यांच्या गाभ्यातून हळूहळू बाहेर पसरते, त्यामुळे तापमापकावरचा सर्वोच्च आकडा काही मिनिटांनी दिसतो आणि चाकाचा त्याहूनही नंतर. ए३२० मध्ये ब्रेक ३०० अंशांच्या वर असेल तर उड्डाण करता येत नाही. चाके पोटात घेतल्यावर तापलेल्या ब्रेकवर तेल गळले तर ते पेटू शकते, हे त्यामागचे कारण. ब्रेक थंड करणारे पंखे चालू असतील तर हीच मर्यादा १५० अंशांवर येते. पंख्याची हवा आधी तापमापकाला थंड करते, गाभा तापलेलाच राहतो. हे पंखे सर्व विमानांत नसतात, ते वेगळे मागवावे लागतात.

हे नियम रक्ताने लिहिले गेले आहेत. ४ सप्टेंबर १९६३ रोजी झ्युरिकमध्ये दाट धुके होते. स्विसएअरच्या कॅरव्हेल विमानाच्या चालकांनी इंजिनाच्या झोताने धुके हटवण्यासाठी, ब्रेक दाबून धरत, धावपट्टीवर फेरी मारली. ब्रेक अतोनात तापले, चाकाची कड फुटली, इंधनाच्या नळ्यांना इजा झाली आणि उड्डाणानंतर काही मिनिटांत विमान ड्युरेनेश गावाजवळ कोसळले. ८० जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी ४३ जण हुम्लिकोन या एकाच छोट्या गावचे होते. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकानाचे बोईंग ७२७ मेक्सिको सिटीहून निघाले. उड्डाणाआधीच त्याचा एक ब्रेक घासत राहून तापला होता आणि त्या चाकाच्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. अतितप्त रबरातून सुटणारे ज्वालाग्राही वायू आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र आले आणि टायरचा आतून स्फोट झाला. तेलाच्या, इंधनाच्या आणि विजेच्या वाहिन्या तुटल्या. विमानातील सर्व १६७ जण ठार झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने मोठ्या विमानांच्या ब्रेकयुक्त चाकांत नायट्रोजन सक्तीचा केला.

चाकात बसवलेल्या वितळणाऱ्या बुचांचे काम याच साखळीत येते. ठरलेल्या तापमानाला बूच वितळते आणि टायरमधील दाब फुसकन बाहेर पडतो. टायर वाया जातो, पण फुटत नाही. मेक्सिकोत घडला तसा रासायनिक स्फोट मात्र बुचाला संधी देत नाही. म्हणून कवच, नायट्रोजन आणि बूच या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या पर्याय नाहीत. अग्निशमन जवानांना तापलेल्या चाकाकडे बाजूने न जाता पुढून किंवा मागून जायला शिकवतात, ते याच अनुभवातून. कड फुटली तर तिचे तुकडे बाजूला उडतात.

भारतासाठी हा विषय तातडीचा का? एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवली. त्यातील बहुसंख्य विमाने अरुंद पट्ट्याची, दिवसातून अनेक फेऱ्या करणारी आहेत. किफायतशीर विमानसेवेचा हिशेबच असा की उतरलेले विमान अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा निघाले पाहिजे. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांपैकी एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते, तिथे धावपट्टी लवकर मोकळी करण्याचा आग्रह असतो. लवकर मोकळी करायची म्हणजे ब्रेक जोरात लावायचा.

त्यात आपले हवामान. ४५ अंशांच्या दिल्लीत हवा १५ अंशांच्या मानाने सुमारे ९ टक्के विरळ असते. निर्देशित वेग तोच असला तरी विमानाचा जमिनीवरचा वेग वाढतो आणि ब्रेकवरची ऊर्जा सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून दहा हजार सहाशे फुटांहून उंचावर आहे. तिथे हीच वाढ एक तृतीयांशाहून अधिक होते, आणि विरळ हवा ब्रेक थंडही सावकाश करते. लेहला दुपारच्या वाऱ्यांमुळे विमानांची गर्दी सकाळीच असते. ब्रेक थंड होण्याची वाट पाहायला हात आखडता घेण्याचा मोह तिथेच सर्वाधिक होणार. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या मासिक अहवालात उशिराची कारणे ढोबळ गटांत दिली जातात. ब्रेक थंड होण्यासाठी किती उड्डाणे थांबली, हा आकडा वेगळा प्रसिद्ध होऊ लागला, तर कोणत्या विमानतळावर वेळापत्रक फार ताणले जात आहे हे सहज कळेल. आजवर तो का मागितला गेला नाही, याचे आश्चर्य वाटते.

दुसरा प्रश्न देखभालीचा. टायर बदलताना चाक सुटे होते, तेव्हाच कवचाचे तडे, पोचे आणि ढिले झालेले जोड हाती लागतात. एकदा बूच वितळले की चाकाच्या धातूची कठीणता तपासावी लागते, कारण अॅल्युमिनियम वरून शाबूत दिसते आणि आतून मऊ झालेले असू शकते. हे काम किती जोखमीचे आहे, हे ऑगस्ट २०२४ मध्ये अटलांटात दिसले. तिथल्या एका देखभाल केंद्रात चाकाचे भाग सुटे करताना झालेल्या स्फोटात दोन कामगार ठार झाले. भारतात सुट्या भागांच्या आयातीवर १५ जुलै २०२४ पासून सरसकट पाच टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर लागू झाला. देशातील देखभाल उद्योगाला त्याचा दिलासा आहे. पण चाक-ब्रेकच्या रचनेचे ज्ञान साफ्रान, कॉलिन्स, हनीवेल आणि पार्कर-मेगिट या मोजक्या कंपन्यांकडे आहे. साफ्रानचे आशियातील कार्बन ब्रेकचे उत्पादन मलेशियातील सेंदायान येथे होते.

आपल्याकडे काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तेजस लढाऊ विमानासाठी कार्बन ब्रेकच्या चकत्या संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेच्या हैदराबाद येथील प्रगत प्रणाली प्रयोगशाळेत विकसित झाल्या, आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या लखनौ विभागात चाके व ब्रेक तयार होतात. बेळगाव, बंगळुरू, हैदराबाद येथे विमानांचे धातूचे भाग घडवणारे उद्योग आहेत. त्यांना पोलादाचा पातळ पत्रा वाकवणे अवघड नाही. अवघड आहे ती प्रवासी विमानासाठीची परीक्षा. १९८८ मध्ये डॅलसला एका डीसी-१० विमानाचे झिजलेले ब्रेक रद्द उड्डाणात निकामी झाले आणि ते धावपट्टीबाहेर गेले. तेव्हापासून नवे नव्हे, पुरते झिजलेले ब्रेक बसवून, पूर्ण वजनाच्या विमानासह ही चाचणी घेतली जाते. विमान थांबल्यावर पाच मिनिटे पाण्याचा थेंबही टाकायचा नसतो. चकत्या लालभडक होतात, बुचे एकेक करून वितळतात, टायर बसतात, आणि तोवर ज्वाळा चाकापलीकडे पोहोचता कामा नयेत.