विश्लेषण : घरातून निवाऱ्यात आलेल्या मांजरीला नवे घर मिळणे इतके अवघड का?

घर बदलले, बाळ होणार आहे, परदेशात नोकरी लागली, सांभाळणारी आजी गेली. अशा कारणांनी घरात वाढलेली मांजर प्राण्यांच्या निवाऱ्यात दिली जाते. पिल्ले तुलनेने लवकर दत्तक जातात. चार-पाच वर्षांची मांजर मात्र मागे राहते. तिला घर मिळवून देण्यात अडचणी कोणत्या, कायदा काय सांगतो आणि मांजर देणाऱ्या-घेणाऱ्या कुटुंबांनी काय करावे, याचा हा आढावा.

प्रश्न चर्चेत का आला?

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यातील एका सदनिकेत तीनशेच्या आसपास मांजरी असल्याची तक्रार समोर आली आणि त्या हलवण्याची मागणी झाली. बातम्यांचा भर दुर्गंधी आणि शेजाऱ्यांच्या त्रासावर होता. मात्र या निमित्ताने एक मूलभूत प्रश्न पुढे आला : मांजरी हलवायच्या, तर कुठे? बहुतेक निवारे स्वयंसेवी संस्था देणग्यांवर चालवतात. त्यांच्याकडे आधीच अपघातग्रस्त, आजारी आणि आईविना राहिलेली पिल्ले असतात. तिथे घरातली धडधाकट मांजर आली, की एक पिंजरा अनेक महिने अडकून राहू शकतो.

मांजर सोडण्याची कारणे कोणती?

भाड्याचे घर, ॲलर्जी, गर्भारपण, स्थलांतर, उपचारांचा खर्च आणि घरभर लघवी करण्याची सवय ही नेहमीची कारणे. त्यातील काहींवर उपाय असतो. गर्भवतीला टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा धोका असतो हे खरे. पण तेवढ्यासाठी मांजर घराबाहेर काढण्याची गरज नसते. विष्ठेतून बाहेर पडलेला हा परजीवी संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. त्यामुळे मांजरीची वाळू घरातील दुसऱ्या व्यक्तीने रोज बदलली आणि मांजरीला कच्चे मांस दिले नाही, तर धोका बराच कमी होतो. बोक्याने भिंतींवर लघवीचे फवारे मारणे बहुतेक वेळा निर्बीजीकरणानंतर कमी होते किंवा थांबते. मांजर अचानक वाळूबाहेर लघवी करू लागली, तर तो खोडसाळपणा असेलच असे नाही. मूत्रमार्गाचा आजारही असू शकतो, म्हणून आधी पशुवैद्यकाला दाखवणे इष्ट.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ३ नुसार, प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर त्याच्या देखभालीची जबाबदारी असते. उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत, वाजवी कारणाशिवाय प्राणी सोडून देणे कलम ११ नुसार गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी दंड १० ते ५० रुपये इतकाच आहे. त्यामुळे या तरतुदीचा धाक फारसा उरलेला नाही. ‘मासळी बाजारात सोडली, तिथे खायला भरपूर मिळेल’ हा समज आजही ऐकू येतो. प्रत्यक्षात तिथे आधीच्या मांजरींनी आपापली हद्द वाटून घेतलेली असते. घरात वाढलेल्या मांजरीला वाहने, कुत्री आणि मारामाऱ्या यांची सवय नसते.

निवासी संस्थांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. भाडेकरूचा प्रश्न वेगळा. तिथे घरमालकाशी झालेला करार आडवा येऊ शकतो. म्हणून करार करतानाच मांजरीचा विषय काढलेला बरा.

निवाऱ्यात मांजरीचे काय होते?

मांजर माणसाइतकीच जागेलाही बांधलेली असते. ओळखीचा वास, ठरलेला कोपरा, जेवणाची वेळ हे सारे एका दिवसात तुटते. मग ती पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला अंग चोरून बसते, फिसकारते, खाणे सोडते. यातील उपाशी राहणे सर्वांत धोक्याचे. मांजरीने काही दिवस अन्न घेतले नाही, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. लठ्ठ मांजरींत हा धोका अधिक.

दुसरा धोका संसर्गाचा. पॅनल्युकोपेनिया हा विषाणूजन्य आजार लस न दिलेल्या पिल्लांसाठी अनेकदा जीवघेणा ठरतो आणि त्याचा विषाणू जागेवर महिनोनमहिने टिकतो. म्हणून नव्या मांजरीला काही दिवस वेगळे ठेवावे लागते. त्या काळात तिला कोणाला दाखवताही येत नाही.

ताण कमी करण्याचा एक उपाय मात्र अगदी साधा आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरींना लपण्यासाठी खोका दिला, काहींना दिला नाही. खोका मिळालेल्या मांजरींचा ताण सुरुवातीच्या दिवसांत लवकर उतरला.

नवे घर मिळताना गाडी कुठे अडते?

दत्तक घ्यायला आलेले कुटुंब साहजिकच अंगावर उड्या मारणाऱ्या पिल्लाकडे वळते. घाबरून कोपऱ्यात बसलेली मांजर ‘माणूसघाणी’ वाटते. तीच मांजर आठवड्यापूर्वी कोणाच्या तरी पायाशी झोपत होती, हे पाहणाऱ्याला ठाऊक नसते. काळ्या मांजरीबाबतच्या अंधश्रद्धेची त्यात भर पडते.

खरी अडचण माहितीची आहे. अपराधी वाटल्यामुळे किंवा लोक नावे ठेवतील या भीतीने काही जण स्वतःचीच मांजर ‘रस्त्यावर सापडली’ म्हणून आणून देतात. मग तिचे वय, लसी, आजार, तिला लहान मुले चालतात की नाही, कुत्र्याची भीती वाटते का, यातले काहीच निवाऱ्याला कळत नाही. दुसऱ्या मांजरीशी न पटणारी मांजर चार मांजरींच्या घरात जाते आणि पंधरा दिवसांत परत येते. परत आलेल्या मांजरीवर ‘तापट’ असा शिक्का बसतो आणि तिची पुढची संधी आणखी लांबते.

पर्शियनसारख्या जातींची अडचण उलटी. त्यांना मागणी लगेच येते. पण निर्बीजीकरण झालेले नसेल, तर पिल्ले विकण्यासाठी मांजर नेणारेही त्यात असतात. शिवाय या जातीच्या केसांची रोज निगा राखावी लागते आणि चपट्या चेहऱ्यामुळे श्वासाचे व डोळ्यांचे त्रास उद्भवतात. हे न सांगता दिलेली मांजर पुन्हा निवाऱ्याच्या दारात येऊ शकते.

दत्तक देण्याची योग्य पद्धत कोणती?

मांजर देण्याआधी लसीकरण आणि निर्बीजीकरण पूर्ण करणे ही पहिली पायरी. त्यानंतर घरातील सर्वांची संमती, भाड्याचे घर असल्यास मालकाची परवानगी आणि खिडक्या-गॅलरीला जाळी आहे का, हे तपासले जाते. उंच इमारतींतून मांजरी पडण्याचे प्रकार घडतात. त्यामुळे जाळीची अट अनेक संस्था काटेकोरपणे पाळतात. लेखी करारात ‘जमले नाही तर मांजर इतर कोणाला न देता आमच्याकडेच परत करावी’ असे कलम असावे. काही दिवसांनी फोन करून चौकशी करणेही या प्रक्रियेचाच भाग आहे. ही चौकशी काहींना जाचक वाटते. मात्र मांजर परत येण्याचे प्रमाण त्यानेच कमी होऊ शकते.

नव्या घरातले पहिले दिवस कसे असावेत?

पहिले काही दिवस मांजरीला एकाच खोलीत ठेवावे. तिथे पाणी, अन्न, वाळूचा ट्रे आणि पुठ्ठ्याचा खोका एवढे पुरे. तिला उचलून घेण्याची, पाहुण्यांना दाखवण्याची घाई करू नये. आधीचेच खाणे सुरुवातीला चालू ठेवावे आणि हळूहळू बदलावे. घरात दुसरी मांजर असेल, तर आधी बंद दारातून एकमेकींचा वास घेऊ द्यावा, भेट नंतर. काही मांजरी तीन दिवसांत मोकळ्या होतात, काहींना तीन महिने लागतात. पहिल्या आठवड्यात ती पलंगाखालून बाहेर आली नाही, म्हणून दत्तक फसले असे होत नाही. मात्र चोवीस तास तिने काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्यकाशी बोलावे.

मांजर ठेवणे शक्यच नसेल तर?

निवारा हा शेवटचा पर्याय मानून सुरुवात लवकर करणे हिताचे. स्वतः घर शोधल्यास मांजर पिंजऱ्यात न जाता थेट एका घरातून दुसऱ्या घरात जाते. नातेवाईक, सहकारी आणि नेहमीचे पशुवैद्यक यांच्याकडे आधी विचारावे. परदेशी जाणाऱ्यांनी तिला सोबत नेण्याचा खर्च आणि वेळही तपासावा. भारतातून युरोपीय महासंघात मांजर न्यायची, तर मायक्रोचिप, रेबीजची लस आणि रक्तचाचणी लागते. रक्ताचा नमुना दिल्यानंतर तीन महिने थांबावे लागते. विमानाचे तिकीट हाती आल्यावर ही तयारी सुरू केली, तर ती पूर्ण होत नाही.

तरीही निवाऱ्यात द्यायची वेळ आली, तर लसीकरणाचे कार्ड, तिच्या नेहमीच्या अंथरुणाचा तुकडा आणि एक कागद सोबत द्यावा. तिचे नाव, वय, खाणे, आजार, भीती, सवयी आणि सोडण्याचे खरे कारण त्यावर लिहावे. ‘ओळखीच्या माणसाला दोन दिवसांनी जवळ येते’ एवढे एक वाक्यही पिंजऱ्यासमोर थांबलेल्या कुटुंबाचा निर्णय बदलू शकते. निवाऱ्यांनीही दारात आलेल्या कुटुंबाला फैलावर घेण्याऐवजी हा कागद शांतपणे भरून घेतला, तर पुढच्या घराची निवड अधिक नेमकी होईल आणि मांजर तिथे टिकण्याची शक्यताही वाढेल.