बदाम हुकूम कधी झालं?

गणपतीच्या जागरणाला कडोलीत मंडपामागं सतरंजी पडते आणि पत्त्यांचा मेंढीकोट रंगतो. समोरासमोर बसलेले भिडू, प्रत्येकाच्या हातात १३ पानं आणि सगळ्यांचा जीव चार दश्श्यांत. चारही दश्श्या एकाच जोडीला मिळाल्या की कोट. यावर कधी वाद होत नाही. वाद होतो तो बंद, म्हणजे झाकून ठेवलेल्या हुकमावर.

नियम तोंडी चालत आलेला: उतारीचं पान नसेल तर हुकूम उघडायला सांगता येतं, उघडल्यावर हुकमाचं पान भारी. आता इस्पिकची उतारी झाली. दुसऱ्याकडं इस्पिक नाही, पण हुकूम न मागता त्यानं बदाम टाकलं. तिसऱ्यानं इस्पिकची दश्शी दिली. चौथाही इस्पिकला रिकामा. त्यानं हुकूम उघडायला लावला. निघालं बदाम, आणि त्याच्या हातात बदामाचं एकही पान नाही! मग दश्शी कुणाची?

दुसरा म्हणतो, "हुकूम पहिल्यापासून बदामच की. झाकून ठेवला म्हणून बदलतोय काय?" उतारीवाला म्हणतो, "उघडल्यावर भारी म्हटलंय. तू टाकलास तेव्हा ते साधं पान होतं."

शब्द धरून बसलं तर दोघंही बरोबर. मला उतारीवाल्याचं पटतं. दुसऱ्याला हुकूम मागता येत होता, त्यानं मागितला नाही. न मागता हात मिळायला लागला तर हुकूम झाकण्यात राम काय राहिला? पण हे मी पानं हातात नसताना म्हणतोय. दश्शी अडकलेली असती तर मन कुठं झुकलं असतं, कोण सांगणार? म्हणून न्याय खेळणाऱ्यानं करू नये. ब्रिजच्या स्पर्धेत पंच बोलावतात, तसं आमच्याकडं शेजारी बसून बघणाऱ्या म्हाताऱ्याला विचारतात. आधी ठरलेलं नसेल तर तो डाव मोडायला लावतो. चांगली पानं आलेला हळहळतो, तरी मला हाच निकाल योग्य वाटतो. चालू डावात नवा नियम केला की तो कुणाच्या तरी बाजूनंच होतो.

छापील पुस्तकानंही सगळं सुटत नाही. एडमंड हॉईलनं १७४२ मध्ये लंडनला व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावावर पुढं पिढ्यान्‌पिढ्या नियम सांगितले गेले. उलट २०१९ मध्ये 'युनो' हा पत्त्यांचा खेळ काढणाऱ्यांनीच सांगितलं, की अधिक चारच्या पानावर अधिक दोनचं पान टाकता येत नाही. घरोघरी मात्र अजून टाकतात. चौघांनी आधी मान्य केलं असेल तर खुशाल टाकावं.

चंदगडकडचा पाहुणा खेळायला बसला की तो त्याच्या गावची रीत घेऊन येतो. त्याला पानं पिसायच्या आधीच विचारावं: त्याच हातात आधी पडलेलं पान हुकूम धरायचं की नाही?